बोटांची किंमत आणि मालकाची ऐपत



कारखान्यात अपघात झाला की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘चूक कोणाची?’ हा. प्रश्न निरागस दिसतो. परंतु त्याचे उत्तर देण्याची साधने कोणाच्या हाती आहेत हे पाहिले, की त्यातील वर्गीय आशय उघड होतो. यंत्र मालकाचे, हजेरीपट मालकाचा, साक्षीदार मालकाच्या पगारावरचे. आणि निष्काळजीपणा सिद्ध करायचा तो मात्र हात तुटलेल्या माणसाने. १८३७ मध्ये इंग्लंडातील न्यायालयाने प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्यात जी भूमिका घेतली, तिच्यातून सहकाऱ्याच्या चुकीने कामगार जखमी झाल्यास मालक जबाबदार नाही, असा दंडकच निघाला. कामगार धोका पत्करूनच नोकरीत येतो, हा युक्तिवाद त्याच्या जोडीला होता. उपासमार टाळण्यासाठी धरलेल्या कामाला ‘स्वेच्छा’ म्हणणारे हे न्यायशास्त्र!

ही भिंत जर्मनीत १८८४ साली, इंग्लंडात १८९७ साली आणि भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने फोडली. कामामुळे आणि काम करीत असताना इजा झाली, एवढे दाखविले की पुरे. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कामगाराच्या हातून थोडी हयगय झाली म्हणून दावा बुडत नाही. नशेत असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, यंत्राची संरक्षक जाळी मुद्दाम काढणे, एवढेच अपवाद. आणि मृत्यू ओढवल्यास तेही मालकाच्या उपयोगी पडत नाहीत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला, तरी त्याचा गाभा हाच आहे.

परंतु चुकीचा प्रश्न सुटला तरी किमतीचा सुटला नाही. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांची टक्केवारी दिलेली आहे: अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. या टक्केवारीला गुणायचे ते कामगाराच्या मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांनी आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८. त्याचे मासिक वेतन १५,००० रुपये असेल, तर चार बोटांचे ९,३५,९१० रुपये होतात. तेच कागदोपत्री ८,००० दाखविले असेल, तर ४,९९,१५२. बोटे तीच, यंत्र तेच. शिवाय हिशेबात धरावयाच्या वेतनाला कमाल मर्यादा आहे. जानेवारी २०२० मध्ये ती १५,००० रुपये ठरविण्यात आली. ज्याने आयुष्यभर कमी मजुरी दिली, त्याला त्या कमी मजुरीचा लाभ अपघातातही मिळावा, हा यातला खरा अन्याय आहे.

याच्या शेजारी दुसरा न्याय ठेवून पाहावा. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने सांगितले, की घातक उद्योग चालविणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे आणि भरपाई उद्योगाच्या आकाराशी व ऐपतीशी निगडित असली पाहिजे. उद्योग जितका संपन्न, तितकी भरपाई अधिक. कुंपणाबाहेरच्या नागरिकासाठी मालकाची ऐपत मोजायची आणि कुंपणाच्या आत राबणाऱ्यासाठी मात्र त्याची मजुरी मोजायची, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करता येईल? अर्थात बाहेरच्यांनाही ते तत्त्व वेळेवर लाभले असे नाही. भोपाळच्या दाव्यात ते कसाला लागण्यापूर्वीच फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली.

भरपाईचा हिशेब ऐपतीशी जोडण्याची लढाई संसदेत आणि रस्त्यावर लढावी लागेल. तोवर जे आहे तेही कामगाराच्या पदरात पडत नाही, आणि तेथे शाखेच्या कार्यकर्त्याला पुष्कळ करता येण्यासारखे आहे. रुग्णालयात मुकादम ज्या ‘काही मागणे नाही’ या कागदावर अंगठा घेतो, त्याने हक्क बुडत नाही, हे त्या घरात जाऊन सांगितले पाहिजे. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. मृत्यू झाल्यास मालकाने विधवेच्या हाती परस्पर ठेवलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. ती सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा व्हावी लागते. ज्याचा राज्य विमा योजनेत विमा आहे, त्याला त्या योजनेकडेच जावे लागते. म्हणून ओळखपत्र आधी पाहावे. ज्याचा नाही, त्याचा दावा दोन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे. अपघाताच्या पहिल्या दिवसाचा रुग्णालयातील कागद, त्या पाळीतील सोबत्यांची नावे आणि मजुरी मिळाल्याचा कोणताही पुरावा, मग ती ठेकेदाराच्या वहीतली चिठ्ठी का असेना, त्याच आठवड्यात गोळा करावी. कारण पुढच्या आठवड्यात हजेरीपट बदललेला असतो.