टोकन कुणाच्या नावावर?

13 ऑगस्ट 2021 या दिवशी जगभरच्या अनेक प्रोग्रामरांची पंचाईत झाली. कोड लिहून झाला, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर चढवायला घेतला, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पासवर्ड अगदी बरोबर, तरीही नकार. गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणं गिटहबने त्या दिवसापासून बंद केलं होतं. सूचना कित्येक महिने आधी दिली होती, पण अशा मेल उघडून वाचतो कोण! पासवर्डच्या जागी आता टोकन मागितलं जाऊ लागलं. एसएसएच किल्लीही चालते, पण तिच्याविषयी पुन्हा कधीतरी. अनेकांनी मिळून चालवलेल्या कोडच्या प्रकल्पात ही टोकनं कशी सांभाळायची, एवढंच आज बोलू.

मोठ्या कंपन्यांत या कामाला वेगळी माणसं असतात. हे बोलणं आहे ते चार-पाच जणांच्या टीमसाठी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींसाठी आणि घरच्या घरी एखादं ॲप चालवणाऱ्यांसाठी.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. कुणी काय बदललं, कधी बदललं, याचा पूर्ण इतिहास गिट ठेवतं. ज्या भांडारात हा कोड आणि त्याचा इतिहास राहतो त्याला रेपॉझिटरी म्हणतात. पुण्यातली मुलगी तिथे बदल टाकते, बंगळुरूचा सहकारी तो तपासतो, हे झालं माणसांचं. पण रेपॉझिटरीत माणसांपेक्षा जास्त ये-जा असते ती यंत्रांची. एक यंत्र प्रत्येक बदलानंतर चाचण्या चालवतं, दुसरं बिल्ड तयार करतं, तिसरं ते सर्व्हरवर नेऊन बसवतं. यंत्राला ओटीपी विचारून उपयोग नाही, मध्यरात्री दोन वाजता फोन कोण उचलणार? म्हणून त्याला टोकन देतात. अक्षरं आणि अंक यांची एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारी ओळ, इतकंच त्याचं रूप.

टोकन म्हणजे मुखत्यारपत्र. गावच्या जमिनीच्या व्यवहाराला स्वतः जाता येत नसलं की आपण भावाला मुखत्यारपत्र करून देतो. कुलमुखत्यारपत्र दिलं तर तो आपल्या वतीने काहीही करू शकतो. विशेष मुखत्यारपत्रात मात्र गट नंबर आणि काम लिहिलेलं असतं, त्यापलीकडे त्याचा अधिकार चालत नाही. टोकनांतही हे दोन्ही प्रकार आहेत. पण मुखत्यारपत्रावर निदान घेणाऱ्याचं नाव असतं. टोकनवर तेही नसतं, ते ज्याच्या हाती पडेल तो मुखत्यार. खात्याला तुम्ही दुहेरी पडताळणी लावली असली तरी टोकन आणणाऱ्याला कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

गिटहबच्या जुन्या पद्धतीच्या टोकनात ‘रेपो’ नावाची एक चौकट असते. घाईत सगळे तिच्यावर टिचकी मारतात. ती मारली की तुमच्या खात्याला पोचता येईल अशा प्रत्येक रेपॉझिटरीत, खासगी धरून, वाचायची आणि लिहायची मुभा मिळते. एका छोट्या चाचणीसाठी काढलेलं टोकन कंपनीच्या साऱ्या कोडवर चालतं, ते असं. ऑक्टोबर 2022 मध्ये गिटहबने बारीक अधिकारांची टोकनं आणली. त्यात रेपॉझिटरी कोणती, फक्त वाचायचं की लिहायचंही, आणि मुदत किती, हे निवडता येतं. टोकन काढायला दोन मिनिटं जास्त लागतात. ती द्यावीत.

आता एक खरी घटना सांगतो. पायथॉन भाषेचा कोड गिटहबवर राहतो आणि पायथॉनची लाखो पॅकेजेस पायपीआय या भांडारातून जगभर जातात. जून 2024 मध्ये जेफ्रॉग या कंपनीच्या सुरक्षा संशोधकांना एक टोकन सापडलं. ते होतं पायपीआयच्याच एका प्रशासकाचं, आणि पायथॉनच्या मूळ रेपॉझिटरीवर, पायपीआयच्या रेपॉझिटरीवर त्याचा प्रशासकाचा अधिकार चालत होता. सापडलं कुठे, तर डॉकर हबवर सार्वजनिक ठेवलेल्या एका डॉकर इमेजमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात, एका ‘पीवायसी’ फाइलच्या आत.

ते तिथे पोचलं कसं, हे बघण्यासारखं आहे. स्वतःच्या मशीनवर काम करताना या प्रशासकाला गिटहबची विनंत्यांची मर्यादा आडवी येत होती. ओळख न देता विचारणाऱ्याला गिटहब थोड्याच विनंत्या करू देतं. नीट व्यवस्था लावायची तर वेळ जाणार, म्हणून त्यांनी आपलं टोकन तात्पुरतं कोडमध्येच लिहिलं. काम झाल्यावर आठवणीने काढूनही टाकलं. पण पायथॉन कोड चालवतं तेव्हा त्याचं यंत्राला सोयीचं रूप तयार करून बाजूला साठवून ठेवतं, तीच पीवायसी फाइल. मूळ फाइल स्वच्छ झाली, साठवलेली तशीच राहिली, आणि डॉकर इमेज बांधताना फोल्डरमधल्या बाकी सगळ्याबरोबर तीही आत गेली. टोकन 2023 च्या मार्चपूर्वीचं होतं, म्हणजे वर्षाहून जास्त काळ ते कुणालाही सापडू शकलं असतं.

28 जूनला जेफ्रॉगने पायपीआयला कळवलं. 17 मिनिटांत उत्तर आलं आणि टोकन रद्द झालं. गैरवापराची खूण नोंदींत आढळली नाही. त्या प्रशासकाने सगळा प्रकार स्वतः लिहून जाहीर केला, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांना टोकन म्हणजे काय हे समजत नव्हतं असं कोण म्हणेल? पण इथे अडचण ज्ञानाची नव्हतीच. एका माणसाचं कुलमुखत्यारपत्र किरकोळ कामाला वापरलं गेलं. त्याच जागी एकच रेपॉझिटरी वाचू शकणारं, महिन्याभराचं टोकन असतं तर संशोधकांच्या हाती मुदत संपलेली अक्षरं लागली असती.

गंमत म्हणजे, 2021 पूर्वी अशी टोकनं शोधणंही अवघड होतं. गिटहबचं जुनं टोकन म्हणजे 40 अक्षरांची ओळ, आणि गिटमधल्या प्रत्येक बदलाची ओळखही तशाच 40 अक्षरांची. कोणती ओळ निरुपद्रवी आणि कोणती घातक, हे पाहून कळायचं नाही. त्या वर्षी गिटहबने टोकनाच्या सुरुवातीला ‘जीएचपी’ ही तीन अक्षरं आणि त्यापुढे खालची रेघ आणली, शेवटची सहा अक्षरं पडताळणीची ठेवली. गिटहबसारख्याच गिटलॅब या सेवेच्या टोकनाची सुरुवात ‘जीएलपॅट’ अशी होते. त्यामुळे तपासणाऱ्या यंत्राला टोकन चटकन ओळखू येतं. 2024 पासून सार्वजनिक रेपॉझिटरीत ओळखीच्या नमुन्याचं टोकन चढवू लागलात तर गिटहब आपणहून अडवतं. ते अडवतं तेव्हा ‘तरीही चढवा’ म्हणण्याची सोयही देतं. ती सोय कृपा करून वापरू नका.

आणि चुकून टोकन चढलंच, तर? बहुतेक जण घाबरून ती ओळ खोडतात आणि नवा कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, करतात. पण गिट इतिहास विसरत नाही, मागच्या कमिटमध्ये ती ओळ जशीच्या तशी असते. सार्वजनिक रेपॉझिटरींवर सतत नजर ठेवणारे प्रोग्राम असतात, ते काही मिनिटांतसुद्धा टोकन उचलतात. आधी टोकन रद्द करायचं, मग नवं काढायचं, मग नोंदी तपासायच्या, आणि खोडाखोड सगळ्यात शेवटी. वेळीच लक्षात आलं नाही तर काय होतं, त्याचं हे उदाहरण. जपानच्या टोयोटा कंपनीच्या टी-कनेक्ट सेवेचा थोडा कोड डिसेंबर 2017 पासून सप्टेंबर 2022 पर्यंत गिटहबवर उघडा होता, त्यात डेटा सर्व्हरची किल्ली होती. 2,96,019 ग्राहकांचे ईमेल पत्ते त्यामुळे धोक्यात आले. जवळपास पाच वर्षं ती किल्ली चालू होती!

मुदतीचं महत्त्व इथे कळतं. गिटलॅबने मे 2023 मध्ये बेमुदत टोकनं बंद केली आणि कमाल मुदत 365 दिवस ठरवली. आधीच्या बेमुदत टोकनांना 14 मे 2024 ही शेवटची तारीख आपोआप लागली, आणि ज्यांनी सूचना वाचली नव्हती त्यांच्या पाइपलाइन, म्हणजे चाचण्या आणि बिल्ड आपोआप चालवणाऱ्या साखळ्या, बंद पडल्या. लोक चिडले. त्यांचा राग समजू शकतो, पण माझं मत गिटलॅबच्या बाजूने आहे. काम थांबलं की ते टोकन कुठे वापरात होतं हे निदान कळतं. याउलट मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी गिटहबवर ठेवलेल्या एका दुव्यात स्टोरेजचं टोकन होतं, त्याची मुदत 2051 सालापर्यंत. त्यातून 38 टेराबाइट खासगी माहितीची वाट खुली राहिली आणि 2023 मध्ये बाहेरच्या संशोधकांनी ते दाखवून दिलं.

आता मुख्य मुद्दा, टोकन कुणाच्या नावावर? छोट्या टीममध्ये सहसा जो पहिल्यांदा सर्व्हर लावतो त्याचं वैयक्तिक टोकन तिथे बसतं, आणि तिथेच राहतं. दोन वर्षांनी तो नोकरी सोडतो. लॅपटॉप परत घेतला जातो, ओळखपत्र परत घेतलं जातं, टोकनाचं नावही निघत नाही. मग दोनपैकी एक होतं. त्याचा प्रवेश काढल्याबरोबर सर्व्हरवर कोड जाणं थांबतं आणि का थांबलं हे कुणाला उमगत नाही. किंवा टोकन चालूच राहतं आणि बाहेर गेलेल्या माणसाला ते माहीत असतं. माणूस भला असेलही, पण प्रकल्प त्याच्या भलेपणावर का चालावा?

यंत्राचं टोकन प्रकल्पाच्या नावावर हवं. गिटलॅबमध्ये प्रोजेक्ट टोकन काढलं की त्यासाठी वेगळा बॉट सदस्य तयार होतो, त्याची भूमिका आणि अधिकार आपण ठरवतो. गिटलॅब डॉट कॉमवर यासाठी पैसे भरावे लागतात, स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब बसवलं तर विनामूल्य मिळतं. सर्व्हरला नुसता कोड उतरवून घ्यायचा असेल तर फक्त वाचणारं डिप्लॉय टोकन पुरे. गिटहब ॲक्शन्स या स्वयंचलित कामांच्या सोयीत तर प्रत्येक कामाला नवं टोकन मिळतं आणि काम संपलं की ते मरतं. पायपीआयवर 2023 पासून अशीच सोय आहे, पॅकेज चढवायला मिळणारं टोकन 15 मिनिटांचं असतं. जिथे ही सोय आहे तिथे कायमचं टोकन ठेवूच नये.

ठेवायची जागाही नीट निवडावी लागते. व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक्सेल शीट या जागा नव्हेत. एक जागा मात्र चटकन लक्षात येत नाही. रेपॉझिटरी क्लोन करताना, म्हणजे तिची प्रत उतरवून घेताना, पत्त्यातच टोकन घातलं, तर ते रेपॉझिटरीच्या कॉन्फिग फाइलमध्ये उघडं लिहिलं जातं. नंतर मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना कुणी ‘गिट रिमोट’ची यादी काढली की सगळ्यांना वाचता येतं. माणसांची टोकनं पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा गिटच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवा, यंत्रांची पाइपलाइनच्या गुप्त सेटिंगमध्ये.

आणि नावं जरा बरी द्या हो. ‘टेस्ट’, ‘न्यू’, ‘फायनल टू’ या नावांवरून वर्षभराने काहीही कळत नाही. कोणतं यंत्र, कोणतं काम, जबाबदार कोण, हे नावात येऊ द्या.

हे भाषण संपलं की एक काम करा. गिटहबच्या सेटिंगमध्ये सगळ्यात खाली डेव्हलपर सेटिंग्ज आहे, तिथे टोकनांची यादी उघडा. प्रत्येकापुढे ते शेवटचं कधी वापरलं गेलं ते दिसतं. वर्षभर न वापरलेलं टोकन गिटहब स्वतःच काढून टाकतं, पण तेवढं थांबायचं कारण नाही. जे कशासाठी काढलं ते आठवत नाही, ते आजच रद्द करा. उद्या काही बंद पडलंच, तर त्या कामापुरतं, मुदतीचं नवं टोकन काढा.