लांकडी घराच्या खिडक्या

भिवंडी तालुक्यांतील मानकोली हें गांव उल्हास नदीच्या खाडीजवळ वसलेलें आहे. पावसाळ्यांत येथें वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो आणि सरी भिंतींवर तिरप्या आदळतात. लांकडी सांगाड्याच्या घरांत छपराचा भार खांब व तुळया पेलतात. भिंत केवळ आडोसा असते. म्हणून खिडकी दोन खांबांमधील खणांतच बसवावी. तिच्यासाठीं खांब कापणें म्हणजे घराचा कणाच कापणें होय.

पश्चिमेची खिडकी लहान व खोल वळचणीखालीं असावी. तिसऱ्या प्रहराचें उतरतें ऊन वळचणीसही चुकवितें. तेव्हां झडप मिटावी. लांकूड उष्णतेचें दुर्वाहक असल्यानें तीच झडप उन्हास अडविते. उत्तरेच्या व दक्षिणेच्या खिडक्या समोरासमोर असल्यास घरांत वारा खेळता राहतो.

दमट हवेंत लांकूड रुंदींत फुगतें, लांबींत जवळजवळ नाहीं. यास्तव चौकटीभोंवतीं थोडी फट ठेवून तींत काथ्या ठासावा. तळाची फळी बाहेरच्या बाजूस उतरती हवी. तेथें सांचलेलें पाणी प्रथम चौकट व मग खांबाचा बुंधा कुजवितें, आणि हें नुकसान गिलाव्याआड फार काळ दिसत नाहीं. वाऱ्याला घरांत यावयाची वाट द्यावी. पाण्याला मात्र बाहेरचीच.