लॉगिनच्या आधीची वीस मिनिटंही कामाचीच

(म्हसळा येथे तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण)



आपल्या भागातली आधीची पिढी जहाजावर, मुंबईला नाहीतर आखातात गेली. आज आपली मुलं-मुली नवी मुंबई, ठाणे, पुण्याच्या कॉल सेंटरमध्येही जातात. म्हणून आज एकाच गोष्टीवर बोलतो: जे काम तुम्ही करता, पण ज्याचा पगार मिळत नाही, त्या कामावर.

शिफ्ट रात्री नऊची असते. टीम लीडर सांगतो, आठ-चाळीसला या. कॉम्प्युटर चालू करा, व्हीपीएन जोडा, चार-पाच प्रोग्राम उघडा, आजच्या सूचना वाचा आणि नऊच्या ठोक्याला पहिला कॉल घ्या. सकाळी शिफ्ट संपते, पण चालू कॉल मध्येच तोडता येत नाही. नंतर नोंदी पुऱ्या करायच्या असतात, त्यात आणखी दहा मिनिटं जातात. पगाराला मात्र डायलरवरच्या लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचीच वेळ धरतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तेव्हा यंत्राची बाजू सांगतो. दारावर कार्ड दाखवलंत, त्याची वेळ नोंदली जाते. कॉम्प्युटर सुरू झाला, व्हीपीएन जोडलं, शेवटची नोंद सेव्ह केली, त्या प्रत्येकाची वेळ कुठेतरी साठते. तीन मिनिटांचा उशीर पकडणाऱ्या कंपनीकडेच तुम्ही वीस मिनिटं आधी आल्याची नोंदही असते. त्यामुळे ‘वेळ मोजता येत नाही’ ही सबब टिकत नाही. कुठली वेळ पगाराला धरायची, हे यंत्र नाही, माणूस ठरवतो.

आता हिशोब करू. समजा पगार २०,८०० रुपये आहे. जेवणाची सुट्टी वगळून रोज ८ तास, आठवड्याला ६ दिवस काम. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला ८०० आणि तासाला १०० रुपये पडतात. आठवड्याचे ४८ तास इथंच भरले. त्यापुढचं काम ओव्हरटाइम, आणि महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार त्याचा दर दुप्पट, म्हणजे तासाला २०० रुपये. रोजचा अर्धा तास म्हणजे महिन्याला १३ तास, २,६०० रुपये. वर्षाला ३१,२०० रुपये. दीड महिन्याचा पगार! तुमची शिफ्ट कमी तासांची असेल तर आकडा बदलेल, पण हिशोबाची रीत हीच.

ज्या देशातल्या ग्राहकांचे फोन आपण रात्रभर घेतो, त्या अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला आहे. तिथल्या कामगार खात्याने २००८ मध्येच कॉल सेंटरसाठी माहितीपत्रक काढून सांगितलं की कामासाठी कॉम्पुटर सुरू करण्यात जाणारा वेळ हा कामाचाच वेळ आहे. लास वेगासमधल्या एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांच्या दाव्यात २०२२ मध्ये तिथल्या अपील कोर्टानेही म्हटलं की कॉम्प्युटर सुरू करणं हा त्यांच्या कामाचाच अविभाज्य भाग आहे. सुरुवात कर्मचाऱ्यांनीच केली होती.

आपल्याकडे वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यातल्या पाच गोष्टी लक्षात ठेवा. थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. अनेक कर्मचाऱ्यांसाठी मिळून एकच अर्ज चालतो, नोंदणीकृत युनियनही तो करू शकते. देणं दिलं आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. मूळ रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो, आणि मालकाने पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करता येतात. शेवटची गोष्ट, नोकरी सोडताना ‘माझं काही येणं नाही’ असं लिहून घेतलं, तरी कायद्याने देय असलेली रक्कम बुडत नाही.

‘तुम्ही एक्झिक्युटिव्ह आहात, तुम्हाला ओव्हरटाइम नाही’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. कार्डावर काय छापलंय यापेक्षा तुम्ही खरोखर काय काम करता, हे महत्त्वाचं.

मग करायचं काय? रोज एका वहीत लिहा: तारीख, आत आल्याची वेळ, पहिला कॉल, शेवटचा कॉल, बाहेर पडल्याची वेळ. लवकर बोलावल्याचे मेसेज, शिफ्टचं रोस्टर, पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. स्क्रीनचे फोटो मात्र काढू नका. त्यात ग्राहकाची माहिती आली तर तुमच्यावरच बालंट येईल. आधी एचआरला ईमेलने हिशोब कळवा. उत्तर आलं नाही तर जिथं काम करता, तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात जा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. आपल्या जिल्ह्याचं अलिबागला, हेल्पलाइन १५१००. स्त्रियांना उत्पन्न न बघता तिथं मोफत मदत मिळते. बहिणींनो, हे ध्यानात ठेवा.

कायद्यापेक्षा अवघड आहे ती मनातली भीती. आपली मुलं म्हणतात, ‘आपलं नाव बघून घर मिळत नाही, नोकरी मिळाली हेच खूप. तक्रार करून नजरेत कशाला यायचं?’ ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकट्याने जाऊ नका. शेजारच्या खुर्चीवरचा कदम, कांबळे, डिसोझा, त्याचीही वीस मिनिटं जातात. या अर्जावर सगळ्यांची नावं एकाखाली एक येतात, तेव्हा तो कुणा एका समाजाचा अर्ज राहत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये, कारखान्यांचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. आज आपण ज्या ४८ तासांचा हिशोब मांडला, तो असा मिळालेला आहे.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यातली देण्याची जबाबदारी मालकाची आहे. मागण्याची जबाबदारी आपली. आज रात्री शिफ्टला जाणार असाल तर वहीत पहिली वेळ लिहा.