वर्गातले यंत्र आणि शिकणारे मूल
(तंजावर येथील गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



गणपती ही विद्येची देवता. तेव्हा एक शिक्षक या नात्याने शिक्षणाविषयीच चार शब्द बोलतो.

वर्गात प्रोजेक्टर आला, घरात मोबाइल आला. पालक विचारतात, ‘सर, आता तरी मुले नीट शिकतील ना?’ याचे उत्तर आपल्या गावातच आहे.

सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी येथे नागरी लिपीचा छापखाना काढला. १८०६ साली त्यात ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले गेले. छापखाना हे त्या काळचे नवे यंत्र. पण राजे तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात भविष्य सांगणारी कुरवंजी गाण्यांतून जगाचा भूगोल सांगते. कुरवंजी हा तमिळ मुलखाच्या ओळखीचा नाट्यप्रकार. ओळखीच्या रूपातून अनोळखी देश शिकवायचे, ही ती युक्ती.

पुढे विसाव्या शतकात पियाजे यांनी सांगितले, की मूल आधीच्या अनुभवाला जोडूनच नवे ज्ञान स्वतः रचते. वायगॉट्स्की म्हणाले, मूल आज जे दुसऱ्याच्या मदतीने करते, ते उद्या एकटे करील. स्किनर यांनी १९५४ मध्ये शिकवणारे यंत्रच दाखवले : लहान पायऱ्या आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच. मोबाइलवरची बरीच अ‍ॅप्स आजही याच पद्धतीने चालतात. पाढे, शब्द यांच्या सरावाला ती चांगली. पण मुलाचे कुठे अडले आणि का अडले, हे जवळ बसलेल्या माणसालाच अधिक कळते.

आता आपल्या घरचा प्रश्न. आपली मुले घरी तंजावरी मराठी बोलतात. शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतात. बोलणे कानावर आहे, पण नागरी अक्षर पुढे आले की पुष्कळजण अडखळतात. नुसते व्हिडिओ दाखवून हे सुटणार नाही. मुलाने आजीची गोष्ट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, ऐकून ऐकून ती नागरीत लिहावी, मग आजीला वाचून दाखवावी. जिथे चुकेल तिथे आजी सांगेलच! यंत्र तेच; पण काम मुलाने केले आणि मदत माणसाने.

बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे. त्याचा फोटो आपण सगळेच काढतो. तो वाचणारे मूल आपल्या घरात असावे, एवढीच गणरायाच्या चरणी प्रार्थना करून मी माझे भाषण संपवतो.