कुटुंबप्रमुखाचा रकाना



मला पाचच मिनिटं मिळाली आहेत. आज जमणाऱ्या निधीचं काय करावं, यावर बोलायचं आहे. त्याआधी माझी एक चूक सांगते.

19 जुलै 2023 च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ता राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला जाणारे भर पावसात डोंगर चढून गेले. त्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर पैसे, चादरी, कपडे जमले. वाटप नीट व्हावं म्हणून मी रात्र जागून ऑनलाइन फॉर्म केला. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि आधार क्रमांक भरल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता.

चौकला जवळच्याच वाडीतल्या एका ठाकर ताईंना तो दाखवला. त्या म्हणाल्या, "काही पोरं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांचा कुटुंबप्रमुख कोण लिहू? आधार तर मातीत गेलं." मग कोणाचा मामा कोण, कोणती मुलं कोणाकडे राहतील, हे त्यांनी तोंडीच सांगितलं. तासाभरात यादी झाली. जुन्या कपड्यांचे गठ्ठे मात्र त्यांनी परत पाठवले.

परतताना मला अब्बा आठवले. रमजानात ते वर्षभराच्या शिलकीचा हिशोब करून चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, जकातीसाठी काढायचे. म्हणायचे, "हे आपण देत नाही, त्यांचं आहे ते पोचवतोय." कुराणात मागणाऱ्याचा आणि वंचिताचाही आपल्या संपत्तीत हक्क सांगितलाय. पैगंबरांनी मुआज यांना येमेनला पाठवताना सांगितलं होतं, की तिथल्या श्रीमंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांना द्या. जकात कोणाला द्यायची याचे नियम ठरलेले आहेत; सदका मात्र कुठल्याही धर्माच्या गरजूला देता येतो. दोन्हीकडे पैसा अमानत असतो. तो देणाऱ्याच्या मर्जीचा राहत नाही.

जगातल्या मोठ्या संस्थाही हेच म्हणतात. 2016 मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत त्यांनी 2020 पर्यंत 25 टक्के निधी स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांकडे देण्याचं ठरवलं. ते साधलं नाही. पैसा सोडणं सोपं, निर्णय सोडणं अवघड, हे मी माझ्या फॉर्मवरून सांगू शकते.

म्हणून माझी सूचना अशी. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावरच्या वाड्यांसाठी हा निधी पावसाळ्याआधीच ठेवू. काय घ्यायचं आणि कोणाला द्यायचं, हे वाडीतली माणसं ठरवतील. त्यांत निम्म्या बाया असाव्यात. बॅनर नको, वाटपाचे फोटो नकोत. "पैसे खाल्ले तर?" असं कोणी विचारेल. त्यासाठी हिशोब वाडीच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, आपलाही आणि त्यांचाही.

फॉर्म पुन्हा मीच करीन. रकाने कोणते, ते या वेळी आधी त्यांना विचारीन.