लपवलेल्या डब्यांची जाहिरात

उन्हाळा सरत आला की अमेरिकेत गावोगाव काउंटी फेअर भरतात. बक्षिसासाठी न्हाऊमाखू घालून आणलेल्या गाई आणि शेळ्या, जॅम-लोणच्यांच्या स्पर्धा, आकाशपाळणे, तळणीचा वास. आपल्याकडचं कृषी प्रदर्शन आणि गावची जत्रा एकाच मैदानावर भरवावी तसा हा प्रकार. या गर्दीत कधी कधी एका मंडपात एक टेबल दिसतं आणि त्यावरची मांडामांड पाहून माणूस बुचकळ्यात पडतो. सैन्यात काडतुसं ठेवायला वापरतात तो हिरवा पत्र्याचा डबा, जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी, एक साधा दगड, एक गंजका बोल्ट. विकायला काहीच नाही. दगड उचलला तर हलका लागतो, कारण तो पोकळ आहे. बोल्टचं डोकं फिरवलं की ते निघून हातात येतं आणि आत कागदाची बारीक सुरळी असते. तिच्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत दहा-पंधरा जणांची नावं.

टेबलामागची मंडळी जिओकॅशिंगवाली असतात. खेळ सांगायला सोपा आहे. एकाने डबी लपवायची आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने मोबाइल किंवा जीपीएस यंत्र घेऊन ती शोधायची, आतल्या नोंदवहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथे, होती तशी ठेवून द्यायची. अशा तीस लाखांहून जास्त डब्या आज जगभर लपलेल्या आहेत, अंटार्क्टिकासुद्धा सुटलेलं नाही. २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट या खासगी अंतराळप्रवाशाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही एक ठेवली.

अडचण अशी की हा खेळ गुपितावर चालतो. डबी हाताळताना इतरांनी पाहू नये, असा यातला पहिला शिरस्ता. खेळाबाहेरच्या माणसाला ही मंडळी हॅरी पॉटरच्या गोष्टींतला शब्द उचलून ‘मगल’ म्हणतात, आणि एखादी डबी गायब झाली की ‘मगल झाली’ असं हळहळतात. मग वर्षभर ज्यांच्या नजरा चुकवायच्या त्याच मगलांना जत्रेत हाका मारून बोलवायचं म्हणजे काय काय सांगायचं आणि कुठे थांबायचं?

बहुतेक ठिकाणी सुरुवात गोष्टीने होते, आणि गोष्ट खरंच चांगली आहे. जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिकन लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाचं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. १ मे २००० रोजी, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिनाला, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मध्यरात्री ती बंद झालीही. एका रात्रीत यंत्रांची चूक दहा-वीस मीटरवर आली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या संगणक सल्लागाराने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, व्हिडिओ, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या उसळीचा एक हवाबंद डबा. काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा, एवढाच नियम. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधलीसुद्धा.

गंमत म्हणजे आजच्या नियमांपुढे हीच बादली नापास झाली असती. आता जागामालकाच्या परवानगीशिवाय डबी जमिनीत पुरायला मनाई आहे आणि आत खाद्यपदार्थ ठेवायलाही. तो उसळीचा डबा मात्र नंतर त्याच जागी सापडला. गंजलेला, चेपलेला तो डबा आता मोठ्या मेळाव्यांतून हिंडवला जातो आणि लोक रांग लावून त्याच्याबरोबर फोटो काढतात.

गाजावाजाचे धडे या खेळाने लवकरच घेतले. २००१ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी निर्मात्यांनी जिओकॅशिंगच्या संकेतस्थळाशी हातमिळवणी करून निरनिराळ्या देशांत डबे लपवले. आत चित्रपटात वापरलेल्या वस्तू होत्या. प्रसिद्धी झाली, पण बहुतेक डबेही एकेक करून नाहीसे झाले. वॉशिंग्टन राज्यातल्या जुन्या रेल्वे बोगद्याजवळचा डबा दहा वर्षं टिकला, त्यासाठी लोक लांबून येत, आणि २०११ मध्ये तोही चोरीला गेला. २०१६ पासून तिथला शोध पुन्हा सुरू आहे. २००४ मध्ये जीप कंपनीने पिवळ्या खेळण्यातल्या जीपगाड्या डब्यांत सोडल्या. एका डबीतून दुसरीत, असा त्यांनी प्रवास करावा अशी कल्पना होती. त्यातल्या पुष्कळ गाड्यांचा प्रवास कुणाच्या तरी घरातल्या शेल्फवर संपला.

जत्रेतल्या टेबलाची रीत त्यामुळे वेगळी पडते. ज्यांना हे काम जमतं ते परिसरातल्या खऱ्या डब्यांचा नकाशा भिंतीवर लावत नाहीत. फक्त त्या दिवसापुरत्या चार-पाच डब्या मैदानातच लपवतात आणि आलेल्या माणसाला दहा मिनिटांत एक तरी शोधायला लावतात. या डब्या संकेतस्थळावर कधीच चढत नाहीत. तिथे नोंद हवी तर डबी निदान तीन महिने जागेवर राहावी लागते आणि शेजारच्या डबीपासून १६१ मीटर तरी दूर असावी लागते. जत्रेच्या मैदानात हे दोन्ही अशक्य.

शोधाची ती दहा मिनिटं पाहण्यासारखी असतात. कुटुंब निघतं, बाप पुढे, फोन हातात, नजर बाणावर. अंतर उतरत जातं: चाळीस मीटर, पंधरा, सहा. मग बाण गिरकी घेतो आणि आकडा पुन्हा अकरावर जातो. बाप चार पावलं मागे येतो, पुन्हा पुढे जातो, फोन हलवून पाहतो. उघड्या आकाशाखाली चांगला मोबाइलसुद्धा साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतो, आणि पत्र्याची शेड किंवा दाट झाडी असली तर त्याहून जास्त. मुळात अक्षांशाच्या मिनिटाची तीन दशांश स्थळं एवढाच बारकावा खेळात वापरतात, आणि त्यातला शेवटचा आकडा एकाने बदलला की जमिनीवरची जागा जवळजवळ पावणेदोन-दोन मीटर सरकते. आकड्यांचं काम इथे संपतं. तेवढ्यात सात-आठ वर्षांची मुलगी कुंपणाच्या खांबाशी उकिडवी बसते, खांबाला चिकटलेला एक बोल्ट ओढते, आणि तो लोहचुंबकाने लावलेला निघतो. टेबलाशी परत येईपर्यंत ती आई-बापांना पुढचं कुठे शोधायचं ते सांगत असते.

हे एकदा झालं की मग शिकवायला माणूस मिळतो. आधी भाषण ठोकलं तर लोक माहितीपत्रक घेतात आणि पुढच्या कचराकुंडीत टाकतात. कागदी पत्रकांपेक्षा या मंडळींनी पाडलेली लाकडी नाणी बरी. रुपयाहून मोठी लाकडी चकती, एका बाजूला खेळाचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला देणाऱ्याचं खेळातलं टोपणनाव. खेळात सगळे टोपणनावानेच ओळखले जातात. वर्षानुवर्षांच्या दोस्तांना एकमेकांची खरी नावं ठाऊक नसतात. मूल ती चकती खिशात ठेवतं आणि आठवड्याने धुवायच्या कपड्यांत ती आईला सापडते. पत्रकाला एवढं आयुष्य कुठलं.

शिकवण्यात पहिला धडा डबी शोधण्याचा नसतो, परत ठेवण्याचा असतो. अर्धवट ऐकून गेलेला नवखा डबी उचलून घरी नेतो, किंवा पावसात झाकण उघडं ठेवतो आणि वहीचा लगदा होतो. दुसरा धडा जास्त गंभीर. २०११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या वेदरबी गावात एका उपाहारगृहाबाहेर कुणीतरी संशयास्पद हालचाली करत एक डबी ठेवताना लोकांनी पाहिलं. रस्ता रिकामा केला गेला, लष्कराचं बॉम्बनाशक पथक आलं आणि त्यांनी ती डबी स्फोट करून उडवली. निष्पन्न झालं जिओकॅशिंग. म्हणूनच जागामालकाची परवानगी, डबीवर खेळाचं नाव, शक्यतो आतलं दिसेल अशी पारदर्शक डबी या गोष्टी टेबलावर ठासून सांगितल्या जातात, आणि सांगायलाच हव्यात. मजेच्या भरात हा भाग गिळणारा प्रचारक खेळाचं नुकसान करतो.

एका बाबतीत मात्र ही टेबलं अनेकदा कमी पडतात. प्रत्येक डबीला शोधाची कठीणता आणि वाटेची कठीणता असे दोन गुण असतात, एक ते पाच ताऱ्यांचे. वाटेला एक तारा म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोचता येईल अशी जागा. जत्रेत आजी-आजोबा असतात, बाबागाडी ढकलणाऱ्या आया असतात, आणि टेबलामागचा उत्साही गडी त्यांना दोर लावून कड्यावर चढल्याचे फोटो दाखवत बसतो. ऐकणारा कौतुक करतो आणि हे आपल्यासाठी नव्हे असं ठरवून निघून जातो.

खेळाडूंचे स्वतःचे मेळावे वेगळेच. पाचशेच्या वर माणसं जमली तर मेगा, पाच हजारांच्या वर गेली तर गिगा. पहिला गिगा मेळावा २०१४ मध्ये जर्मनीत म्युनिकला झाला. तिथे उत्साहाला तोटा नसतो, पण येणारा आधीच खेळात मुरलेला असतो. नवख्यांसाठी त्याहून कामाचा उपक्रम २००२ पासून चालत आलेला आहे: ठरलेल्या दिवशी जमून एखादं उद्यान किंवा नदीकाठ झाडून काढायचा. कचरा वेचणाऱ्यांना पाहून वाटसरू आपणहून विचारतो, तुम्ही कोण मंडळी? पालिका, वनखातं यांच्याशी ओळख होते आणि पुढे डबीची परवानगी मागायला गेलं की दार उघडं असतं.

मुंबई, पुणे, गोवा इथेही डब्या आहेत, फार नाहीत. इथे एखाद्या प्रदर्शनात असं टेबल मांडायचं तर अमेरिकेचा साचा जसाच्या तसा चालणार नाही. ज्या शहरात बेवारस वस्तूला हात लावू नका असं लोकलमध्ये दिवसभर कानांवर पडतं, तिथे स्टेशनजवळ, बाजारात, देवळाबाहेर डबी लपवणं हा शुद्ध आगाऊपणा. गडकिल्ल्यांवर मोह होईल, पण संरक्षित स्मारकाच्या तटात डबी खुपसणं कायद्यालाही मान्य नाही आणि खऱ्या ट्रेकरलाही पटणार नाही. त्यावर खेळातच एक तोड आहे. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातून सुरू झालेल्या अर्थकॅशमध्ये डबी नसतेच. ठिकाणी जाऊन खडक, थर, धबधबा नीट पाहायचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. काळ्या कातळाच्या सह्याद्रीला प्रश्नांचा तुटवडा पडायचा नाही. आणि सुरुवातीची लपवाछपवी करायला गृहनिर्माण सोसायटीचं आवार, शाळेचं मैदान पुरेसं आहे. गणेशोत्सवात ट्रेझर हंट भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना यातलं निम्मं काम आधीच येतं.

ऑगस्टचा तिसरा शनिवार आंतरराष्ट्रीय जिओकॅशिंग दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्याला जुनी मंडळी सांगतात ते असं: नकाशावर आकाराने मोठी, कमी ताऱ्यांची आणि गेल्या काही दिवसांत कुणाला तरी सापडलेली डबी निवडावी, म्हणजे ती जागेवर असण्याची शक्यता जास्त असते. आधीच्या लोकांनी लिहिलेल्या नोंदी वाचाव्यात. फोन चार्ज करून घ्यावा. आणि पेन घरून न्यावं, कारण बोटाच्या पेराएवढ्या डबीत वही मावते, पेन मावत नाही, आणि रानात काटकी चिखलात बुडवून सही करणाऱ्यांच्या नोंदी पुढच्याला वाचता येत नाहीत.