जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन खोलण्यापूर्वी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पूर्वमशागत तोंडावर आली की नेमका जुना ट्रॅक्टर धूर ओकू लागतो, नांगर ओढत नाही आणि मिस्त्री म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." हा खर्च मोठा असतो. तो खरोखरच लागणार आहे का आणि एकदा केल्यावर लगेच पुन्हा करावा लागू नये म्हणून काय करावे, एवढेच आज सांगतो.

प्रथम धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. एअर क्लीनर चोंदला असेल, नोझल खराब असेल किंवा ओझे जास्त होत असेल. निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. त्याबरोबर ब्रीदरमधूनही जोराने धूर येत असेल आणि ऑईल वरचेवर घालावे लागत असेल, तर रिंगा व लायनर झिजल्याची शंका घ्यावी.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. दाब कमी आल्यास त्या सिलिंडरमध्ये चमचाभरच ऑईल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगा-लायनरचा. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅसकेटचा. हे काम केवळ हेड उतरवून होते.

लायनर वरच्या बाजूला, जिथे पहिली रिंग परतते तिथे, सर्वांत जास्त झिजतो. म्हणून वर, मध्ये आणि खाली, आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी माप घ्यावे व ते माहितीपुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावे. खर्च वाचविण्यासाठी झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालू नयेत. त्या नीट बसत नाहीत आणि वरच्या कडेला आपटून तुटतात. क्रँकशाफ्ट 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर घासून घेतल्यास बेअरिंगही त्याच मापाचे घालावे. सर्व मापे मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्यावीत.

माझ्या पाहण्यातील एका शेतकऱ्याने नवे लायनर-पिस्टन टाकले आणि एका हंगामात पुन्हा निळा धूर सुरू झाला. दोष मिस्त्रीला दिला गेला. प्रत्यक्षात एअर क्लीनरपुढची रबरी नळी क्लिपखाली चिरली होती. तेथून न गाळलेली धूळ थेट इंजिनात जात होती. ऑईलमध्ये मिसळलेली धूळ पॉलिश पेपरसारखी लायनर घासते. चिरलेल्या एका नळीने सारे काम वाया घालवले.

ही गळती घरी ओळखता येते. इंजिन मंद चालू ठेवून एअर क्लीनरचे तोंड सपाट फळीने झाकावे, हाताने नको. इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. चालूच राहिले तर हवा दुसरीकडून शिरत आहे. ऑईल-बाथ एअर क्लीनरमधील ऑईल धुळीच्या दिवसांत रोज पाहावे. ते गढूळ झाले असल्यास भांडे डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे ऑईल भरावे.

इंजिन नव्याने बांधल्यावर पहिले 50 तास हलकी कामे घ्यावीत, मग ऑईल व फिल्टर बदलावेत.

बंधूंनो, पुढच्या वेळी धूर दिसला की पाना हातात घेण्याआधी ती नळी पाहा.